हिरडखोऱ्याचा निकाल

"आमच्या खोऱ्याचा मालक कोण, वस्ताद? मी, की खिंडीपलीकडचे सहा जण?"

कासम वस्ताद आखाड्याची माती खणत होते. ऐंशी वर्षांचं वय, पण खोऱ्याच्या दांड्यावरची पकड तशीच. तांबड्या मातीत ताक मुरलं होतं, तेल-हळद अजून कालवायची होती.

त्यांनी वर पाहिलं नाही.

रुद्राजी नाईक तालमीच्या दारात उभा होता. हिरडखोऱ्याचा नाईक. बाहेर त्याची माणसं घोडे धरून थांबलेली. इथून तो थेट खिंडीत जाणार होता. तिथे सात खोऱ्यांच्या संघाचं निशाण होतं, ते आज स्वतःच्या हातानं उतरवून संघातून बाहेर पडायचं, असं ठरवूनच तो वाड्यातून निघाला होता. वस्तादांचा आशीर्वाद तेवढा हवा होता. लहानपणापासून कुठल्याही मोठ्या कामाला त्यांच्या पायांवर डोकं ठेवल्याशिवाय तो गेला नव्हता.

"काय झालं, ते सांग," वस्ताद म्हणाले.

रुद्राजीनं सांगितलं. भिवाई म्हणून एक धनगरीण होती. तिची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या ज्या माळावर चरत, तो माळ रुद्राजीच्या धाकट्या भावानं कुंपण घालून घेतला. बाई चावडीवर गेली. न्यायाधीश होते अंताजी पारखी. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, माळावर जाऊन जुन्या वाटा पाहिल्या, आणि माळ धनगरांचा ठरवला. नाईकाच्या सख्ख्या भावाविरुद्ध, भर चावडीत. रुद्राजीनं दुसऱ्याच दिवशी पारख्यांना घरी बसवलं आणि चावडीला कुलूप घातलं.

भिवाई गप्प बसली नाही. खिंड ओलांडून ती संघाच्या सभेपुढे उभी राहिली. काल सभेचा निरोप आला. न्यायाधीशाला परत बसवा. नाहीतर सभेत हिरडखोऱ्याची जागा रिकामी राहील.

"मला निरोप," रुद्राजी म्हणाला. "माझ्याच खोऱ्यात काय करायचं, त्याचा."

वस्ताद खणत राहिले.

मग रुद्राजीनं मनातलं सगळं बोलून टाकलं. आपला देव वेगळा, बोली वेगळी, धान्याचं माप वेगळं. हे खोरं कधी कुणाच्या पायाशी बसलं नाही. बाहेरची फौज आली तेव्हा बायकांनीही खिंडीत धोंडे लोटले होते. आज संघवाले न्यायाधीश कोण ते सांगतात, उद्या शेतात काय पेरायचं तेही सांगतील.

"उद्या पेरणीचं सांगायला आले," वस्ताद म्हणाले, "तर मी हे हातातलं खोरं घेऊन तुझ्या पुढे उभा राहीन खिंडीत. तू मागे राहा."

रुद्राजीला बरं वाटलं. म्हातारा आपल्या बाजूचा होता.

"पण न्यायाचं तसं नाही," वस्ताद पुढे म्हणाले. "खिंडीतल्या शिळेवर काय आहे?"

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सात खोरी एकत्र आली त्या दिवशी तीन गोष्टींवर शपथ झाली होती. खिंडीतून आलेल्याला आसरा द्यायचा. ऐकून घेतल्याशिवाय कुणाला शिक्षा करायची नाही. आणि न्यायाधीशाला नाईकानं हात लावायचा नाही. बाकी ज्याचं त्यानं पाहायचं. शपथेखाली सात नाईकांचे सात पंजे कोरलेले होते.

"त्यात एक पंजा आपला," वस्ताद म्हणाले.

"आबांचा," रुद्राजी ताडकन म्हणाला. "माझा नाही. वडिलांनी दिलेल्या शब्दात मी का बांधून घेऊ? मी नाईक आहे. मला अडवणारा कुणी असला, तर मी नाईक कसला?"

वस्तादांनी खोरं भिंतीला टेकवलं.



"उतर," ते म्हणाले.

रुद्राजीनं जोडे काढले. चिमूटभर माती कपाळाला लावली आणि तो आखाड्यात उतरला. बारा वर्षांनी. पावलांखाली माती गार लागली.

"करंजखोऱ्याच्या भैरूशी तुझी कुस्ती झाली होती. संघाच्या जत्रेत. आठवते?"

न आठवायला काय झालं. तेव्हा रुद्राजी बावीस वर्षांचा होता. सातही खोऱ्यांतली माणसं टेकडीवर दाटीनं बसली होती.

"त्या दिवशी तुझे खांदे मातीला कसे लागले, ते दाखव."

रुद्राजी दचकला. दाराबाहेर माणसं उभी होती. त्यांच्या देखत...

"दाखव."

नाईक गुडघ्यावर बसला. मग हळूहळू मागे कलला, आणि त्यानं पाठ मातीला टेकली. आधी उजवा खांदा, मग डावा. अंगरख्यातून गारवा आत शिरला. वर तालमीचं छप्पर, कौलांतून आलेली उन्हाची एक तिरीप.

"असे," तो म्हणाला.

"कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही. पंच भैरूच्या पाठीमागे होते. त्यांना दिसलं नाही. डोळ्याचं पातं लवेपर्यंत मी उलटलो आणि भैरूला खाली घेतलं."

"मग?"

"मग हलगी कडाडली. पंचांनी माझा हात वर केला. फेटा बांधला."

"मग हरलास कसा?"

रुद्राजीला तो दिवस पुन्हा दिसायला लागला. डोक्यावरचा तो फेटा, कानांत घुमणारी हलगी, आणि खांद्यांना चिकटलेली ओली माती. ती माती त्याला एकट्यालाच जाणवत होती. आबा समोरच बसले होते. हसत होते. त्यांना सांगावं लागणार, याचं सगळ्यात जास्त भय वाटलं होतं. त्यानं फेटा उतरवला, भैरूच्या डोक्यावर ठेवला आणि पंचांना सांगितलं, आधी माझे खांदे मातीला लागले होते, चीत मी झालो होतो.



आणि मग परक्या खोऱ्यांतली माणसं खाली धावली होती. ज्यांनी भैरूसाठी घसा फोडला होता, तीच माणसं रुद्राजीला खांद्यावर घेऊन नाचली. हरलेल्या पैलवानाची मिरवणूक सात खोऱ्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्या वर्षापासून संघात एखादी गोष्ट पक्की झाली, की लोक म्हणत, हिरडखोऱ्याच्या शब्दासारखी पक्की. आबा गेले तेव्हा सहा खोऱ्यांचे नाईक अनवाणी आले होते.

"मीच सांगितलं," रुद्राजी म्हणाला.

"फेटा ठेवून घ्यायला तुला कुणी अडवलं होतं?"

"नाही."

"त्या दिवशी मालक कोण होतं, रुद्रा?"



रुद्राजी तसाच पडून राहिला. बाहेर एक घोडा फुरफुरला. त्याच्या डोळ्यांसमोर अंताजी पारखी आले. चावडीत निकाल सांगण्याआधी पारख्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली होती, हे त्यानं तेव्हाही पाहिलं होतं. समोर नाईक, नाईकाचा भाऊ, सगळं घर. तरी ते बोलले. खोटा निकाल द्यायला त्यांनाही कुणी अडवलं नव्हतं. माळ भावाला दिला असता, तर कुणी जाबही विचारला नसता.

तेव्हा त्याला राग आला होता. आता त्याच माणसाचा त्याला अभिमान वाटला. हा आपल्या खोऱ्यातला माणूस. आपल्याच मातीतला.

रुद्राजी उठला. खांद्यावरची माती त्यानं झटकली नाही.

दारापाशी जाऊन त्यानं माणसांना सांगितलं, घोडे परत न्या, खिंडीत जायचं नाही. मी पारख्यांच्या घरी चाललो आहे, पायी. चावडीची किल्ली मीच त्यांच्या हातात देणार. माळावरचं कुंपण संध्याकाळपर्यंत निघालं पाहिजे. भावाला काय सांगायचं ते मी सांगेन.

माणसं एकमेकांकडे बघत निघून गेली.

तो मात्र दारातच घुटमळला.

"वस्ताद," तो म्हणाला, "एकच अडतं. उद्या चावडीपुढे सगळं खोरं जमेल. लोक म्हणतील, सहा जणांनी डोळे वटारले आणि आमचा नाईक भ्याला. मला काही म्हणोत. पण खोऱ्याची मान खाली जायला नको. त्यांना काय सांगू?"

वस्तादांनी खोरं पुन्हा हातात घेतलं. मातीत एक घाव घातला...

मग ते हसले. शिष्यानं मैदान मारल्यावर हसत, तसे.

"दवंडी पिटव," ते म्हणाले. "सहाही खोऱ्यांत ऐकू जाऊ दे. म्हणावं, आमच्या नाईकाला भर चावडीत चीत करणारा न्यायाधीश आमच्याच खोऱ्यात आहे. असा तुमच्याकडे आहे का?"