चारशे किलोमीटरचा शब्द

राग आला की माणसाला काही सुचत नाही म्हणतात. वत्सलाताई कारखानीसांना मात्र रागातच सुचायचं.

विजेच्या गाड्या बनवणाऱ्या 'तेजोरथ' कंपनीच्या भागधारकांची वार्षिक सभा पुण्यात भरली होती. अध्यक्ष रायबागकर गरजत होते, "एका चार्जिंगमध्ये चारशे किलोमीटर! घाट असो की सपाटी!" भागधारक टाळ्यांवर टाळ्या पिटत होते. एका वयस्कर गृहस्थांनी चाचरत विचारलं, "पण घाटात चार्जिंग भराभर उतरतं म्हणतात..."

"तुमच्यासारख्या रडतराऊतांमुळेच देश मागे राहिला!" अध्यक्ष खेकसले. सभागृह खदखदून हसलं. बिचारे गृहस्थ मान खाली घालून बसले.

भागधारकांत बसलेल्या वत्सलाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठल्या. "माझा एक प्रस्ताव आहे. पुढची सभा महाबळेश्वरला घ्या. अध्यक्षांनी आपल्याच कंपनीच्या गाडीतून यावं, वाटेत चार्जिंग न करता. जेमतेम सव्वाशे किलोमीटर तर आहे."

"अनुमोदन! अनुमोदन!" मघाशी टाळ्या पिटणारेच हौसेने ओरडले.

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "छे, छे! मी घाटात अडकलो तर सभा कोण चालवणार?"



"सभा दुसऱ्या दिवशी घेता येईल हो," वत्सलाताई कडाडल्या. "पण तुमच्या शब्दावर गाडी घेतलेली माझी भाची तान्ह्या बाळाला घेऊन भर उन्हात पसरणी घाटात अडकली होती. बोला, तीही रडतराऊतच का?"