ज्याच्या हातात पोर

आमच्या सरकारी दवाखान्याच्या समितीवर गावानं एक माणूस निवडून द्यायचा होता. ती जागा आजवर आबासाहेबांकडे होती. त्यांनी हात वर करून मतदान ठेवलं, तेही मुद्दाम लसीच्या दिवशी. टोचल्यावर रडणारी तान्ही पोरं बायांना दोन्ही हातांनी धरावी लागतात, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांच्याविरुद्ध माझ्या थोरल्या जाऊबाई, सिंधूताई, उभ्या होत्या. दुपारीही डॉक्टर बसवीन, एवढंच त्यांचं म्हणणं. माझा विराज तापानं फणफणला त्या दुपारी दवाखान्याला कुलूप होतं. जाऊबाई निवडून याव्यात म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

आबासाहेब हसून म्हणाले, "सिंधूबाई, ज्याच्या हातात पोर, त्यानं पोर सांभाळावं. समितीचं बाकीचे बघतील."

"पटलं बाई!" जाऊबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "विराजला आबासाहेबांकडे दे."

मी विराजला त्यांच्या हातात दिलं. ते पाहून साऱ्या बायांनी आपापली पोरं नवऱ्याच्या, दिराच्या, सासऱ्याच्या हातात दिली. पुरुषांच्या बाजूला एकच रडारड उठली.

"सिंधूबाईंसाठी हात वर करा," ग्रामसेवक म्हणाले. इतके हात वर गेले की बांगड्यांचाच आवाज झाला.

"आता आबासाहेबांसाठी." दोघातिघांचेच हात वर गेले. आबासाहेब स्वतःचा हात सोडवायला लागले.

"अहो, मान धरा त्याची!" मी ओरडले. "अजून सावरत नाही!"

आबासाहेबांनी घाबरून विराजला दोन्ही हातांनी छातीशी धरलं, आणि जाऊबाई निवडून आल्या.