ओल्या घोंगड्याचा सत्कार

आमच्या कोळगिरी तालुक्याला दोनच गोष्टींचा तोरा: एक घोंगडी आणि दुसरे मंत्री दौलतराव. "इथलं घोंगडं खांद्यावर घेऊनच मी मंत्रालय गाठलं," असं ते प्रत्येक सभेत सांगायचे. घोंगडी विणणाऱ्या सणगरांना माल वाळवायला पत्र्याची शेड बांधून देतो, हेही दर निवडणुकीला सांगायचे आणि निवडून आले की सोयीने विसरायचे.

एका वर्षी त्यांच्या सत्काराचं घोंगडं घेऊन म्हातारी गोदाक्का सणगर स्वतःच व्यासपीठावर चढली. तिने ते दौलतरावांच्या खांद्यावर टाकलं मात्र, साहेब दचकले. कडक इस्त्रीच्या सदऱ्यावरून पाणी ओघळायला लागलं.

"अहो आक्का, हे ओलं आहे!"

आक्का माईकसमोरच म्हणाली, "व्हय साहेब. आमच्या शेडचं घोंगडं तुमीच भिजत ठिवलंय, मग ह्ये कोरडं कुठनं आणू?"

सगळी सभा खो खो हसली. दौलतरावांनाही हसावंच लागलं.

पुढच्या वर्षीचा सत्कार नव्याकोऱ्या शेडमध्येच झाला. गोदाक्का घोंगडं घेऊन पुढे आली, तेव्हा खांदा वाकवण्याआधी दौलतरावांनी ते हळूच चाचपून पाहिलं.