नदीला हजर राहण्याचा हुकूम

"ऐका हो ऐका! गजेंद्रगंगेला कळवण्यात येतं, की महाराजांचे व्याही उद्या संध्याकाळी तिला बघायला येत आहेत. त्याआधी दुपारी तिनं वाहत्या स्थितीत महाराजांपुढे हजर व्हावं! न झाल्यास पात्रातले सगळे वेल उपटले जातील हो!"

भर वैशाखात, कोरड्या वाळूत उभा राहून दवंडीवाला ओरडत होता. नदीनं काही उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला ती दिसत तरी कुठं होती!

आता गजेंद्रगंगा म्हणजे कोण, तर आमची खेकडी. टेकडीवरच्या करंजाखाली उगवायचं, शेताशेतांतून तिरकं तिरकं चालायचं आणि खालच्या मोठ्या नदीला मिळायचं, एवढाच तिचा संसार. पावसाळ्यात मात्र तिच्या अंगात यायचं. जुन्या लोकांच्या काळी ती गावाच्या पूर्वेला होती म्हणे. एका पुरात उठली आणि पश्चिमेला जाऊन बसली. कुणाला विचारलं नाही की कुणाकडे अर्ज केला नाही.

अख्ख्या संस्थानात नदी ही एकच, आणि तिचं नाव खेकडी! राजा गजेंद्ररावांना चारचौघांत सांगायची लाज वाटे. म्हणून त्यांनी तिला स्वतःचं नाव दिलं, काठावर दगडी घाट बांधला. आणि एवढं करून ही कृतघ्न बाई फाल्गुनातच आटली! त्यात व्याही पडले गर्विष्ठ. त्यांच्या गावची नदी बारमाही, तिच्यात नावा चालत, आणि पानात वरण वाढलं तरी ते आपल्या नदीचाच विषय काढत.

दिवाणजींनी कारण तयारच ठेवलं होतं. "महाराज, हे भोई पात्रात कलिंगडं लावतात ना, त्यांच्या वेलांनीच आपली नदी पिऊन टाकली!"

कोंडाजी भोयाची वाडी पात्रातच होती. दरवर्षी पाणी उतरलं की वाळूत खड्डे घ्यायचे, शेणखत भरायचं आणि वेल लावायचे. यंदा कलिंगडं तयार व्हायला आली होती. वेल गेले तर घरानं वर्षभर खायचं काय? दवंडी ऐकून कोंडाजी वेलांपाशीच मटकन बसला आणि रडायला लागला.

त्याची लेक सारजा म्हणाली, "आबा, उगी राहा. हुकूम नदीला आहे. तिच्या वतीनं मी बोलते."

"अगं, राजापुढं बोलशील काय?"

"जे सुचेल ते!"

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज छत्रीखालून आले. मागे दिवाणजी, त्यांच्यामागे वेल उपटायला माणसं. वाळू अशी तापलेली, की महाराज एका जागी दोन्ही पाय टेकत नव्हते.

"कुठाय माझी नदी?"

"आहे की, महाराज," सारजा मुजरा करत म्हणाली. "पण आपण आत्ता आलात कुठून?"

"तळघरातून. वाळ्याचे ओले पडदे, वर पंखा. उन्हाळाभर मी तिथंच असतो."

"म्हणजे उन्हाळाभर संस्थानाला राजा नसतो?"

"जीभ आवर!" दिवाणजी गरजले.

"राजा नसतो?" महाराज भडकले. "मी दिसत नाही म्हणजे मी नाही, असं होतं का?"

"तेच म्हणते मी! खेकडी होती तोवर ती कशीही वागली. आता आपलं नाव लावते. नाव राजाचं, मग रीतही राजाची नको? गेली तळघरात!"

"बोलायला काय जातंय! दाखव!" दिवाणजी म्हणाले.

सारजानं गुडघे टेकले आणि करवंटीनं वाळू उपसायला घेतली. हातभर खड्डा झाला तशी वाळू ओलसर झाली आणि तळाशी पाणी झिरपायला लागलं. पहिलं गढूळ पाणी तिनं फेकलं, मग निवळ पाणी करवंटीत धरून महाराजांना दिलं.

"वा! गार आहे!"

"हे तर साचलेलं!" दिवाणजी हटेनात. "हुकूम वाहत्या नदीचा आहे!"

"मग उपसा की, दिवाणजी. साचलेलं असेल तर संपेल."

दिवाणजींनी करवंटी ओढून घेतली. उपसता उपसता उपरणं भिजलं, पगडी वाळूत पडली, पण झिरा पुन्हा पुन्हा भरतच राहिला!

"बरं, मग घाटापाशी दाखव," दिवाणजी म्हणाले. "पाहुणे तिथं बसणार."

"तिथं नाही ती. तिथलं छप्परच आपण नेलंत."

"कसलं छप्पर?" महाराजांनी विचारलं.

"वाळू, महाराज. घाट बांधायला दिवाणजींनी तिथलीच वाळू गाड्या भरभरून काढली. आता नुसता खडक तापतोय. छप्पर उडालेल्या तळघरात आपण तरी राहाल का?"

दिवाणजी पगडी शोधायला लागले.

"आणि हे वेल?" महाराज म्हणाले.

"आपल्या तळघराच्या दाराशी पहारेकरी असतात ना? हे तिचे. दोन घोट पाणी पितात, पण दिवसभर उन्हात तिच्या वाळूवर सावली धरून उभे राहतात."

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "नदी आहे, मान्य. पण व्याह्यांना काय सांगू? त्यांच्या गावी नावा चालतात!"

"सांगा की, तुमची नदी उघड्यावर पडलेली, येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही दिसते. आमची उन्हाळ्यात अशी कुणालाही भेटत नाही. तिला भेटायचं तर गुडघे टेकून मान खाली घालावी लागते. आम्ही गरीब रोज घालतो. आज त्यांनी घालावी!"

महाराज असे हसत सुटले की छत्रीवाल्यालाही हसू आवरेना. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सारजाला दिलं. वेल उपटायला आलेल्या माणसांना बांधकामातली उरलेली वाळू घाटापाशी परत आणून टाकायला धाडलं, देखरेखीला दिवाणजी! पात्रातली वाडी कोंडाजीच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या राहील, असा हुकूमही तिथंच सुटला.

संध्याकाळी व्याही आले. जरीचा अंगरखा सावरत खेकडीच्या वाळूत ओणवे झाले, आणि महाराज त्यांच्यामागे उभे राहून म्हणाले, "अजून थोडं खाली वाका, व्याहीबुवा, म्हणजे भेटेल!"