एक सुपारी कमी

बोरगव्हाण गावात विटीदांडू हा नुसता पोरांचा खेळ नव्हता. तिथले गडी बिदागी घेऊन जत्रांतून खेळत, आणि ज्याचा टोला सगळ्यांत लांब जाई त्याचे नाव पंचक्रोशीत होई. अशा नामांकित गड्यांसाठी देवळासमोर मानाचा ओटा बांधलेला होता. ओट्यावर बसलेला माणूस पुन्हा दांडू हातात धरत नसे. पण ओटा मिळण्याआधीच ज्याने खेळ सोडला, त्याला तो कधीच मिळत नसे.

सर्वांत लांब टोल्याचा विक्रम होता भिवाजी वस्तादांचा. ओट्यावरची पहिली जागा त्यांची, जत्रेचा पहिला नारळही त्यांचा. देवाला उगाच आत बसवले आहे, अशा थाटात ते तिथे बसत.

मग त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या गेनूने तो विक्रम मोडला. विटी ओढा ओलांडून पलीकडच्या शेतात पडली. गाव नाचले. भिवाजींनीही शाबासकी दिली, पण घरी गेल्यावर भरले ताट बाजूला सारले. गेनू ओट्यावर आला की पहिली जागा त्याची होणार होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी गेनू त्यांच्याकडे आला.

"वस्ताद, कुनाला बोलू नगा. डाव्या डोळ्यानं आता कायबी दिसत न्हाई. इटी उडती तवा अंदाजानं मारतो. उद्या ओटा मिळाला की दांडू खाली ठेवतो बघा."

"मिळंल की," भिवाजी म्हणाले. "काळजी कशापायी करतूस?"

ओट्याचा कौल सुपाऱ्यांवर लागे. बसलेला प्रत्येक जण मूठ मडक्यात घालून संमतीची सुपारी टाकी आणि मूठ मिटूनच बाहेर काढी. एक जरी सुपारी कमी भरली, तरी मान पुढच्या जत्रेवर जाई. ती कोणाची, हे विचारायची रीत नव्हती. भिवाजींनी मूठ आत घातली आणि सुपारीसकट बाहेर काढली. एका वर्षाने काय बिघडते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

सुपारी कमी भरली. गेनूचे तोंड उतरले. तो भिवाजींपाशी येऊन म्हणाला, "ओट्यावर माझा कुनीतरी वैरी हाय, वस्ताद. तुमी हाय म्हून धीर हाय."

अजूनही खरे बोलायला वाव होता. भिवाजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो!

गेनू खेळत राहिला. दिवाळीनंतरच्या एका सामन्यात त्याने विटी उडवली. ती त्याच्या अंदाजाआधीच वर आली आणि तिचे टोक उजव्या डोळ्यात घुसले. वैद्यांनी हात टेकले.

त्याने खेळ सोडला नव्हता, खेळतानाच डोळे गमावले होते, म्हणून पुढच्या जत्रेत पुन्हा कौल लावला, आणि सुपाऱ्या पुऱ्या भरल्या. गेनूला हाताला धरून आणले आणि पहिल्या जागेवर बसवले. भिवाजी सरकून त्याच्या शेजारी बसले. पहिला नारळ हातात आला तेव्हा गेनूने तो चाचपला, आणि चाचपतच भिवाजींच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो मान तुमचा, वस्ताद. दुसऱ्या कुनाचं ठावं न्हाई, पर गेल्या साली तुमची सुपारी माझ्यासाठी पडली व्हती."

भिवाजींना रडू कोसळले. खरे सांगावे म्हणून त्यांनी तोंड उघडले. समोर सारा गाव बसला होता. त्यांनी तोंड मिटले आणि नारळ ठेवून घेतला.

त्यानंतर दोघे रोज ओट्यावर शेजारी शेजारी बसत. समोरच्या माळावर खेळ सुरू झाला की गेनू कान देई. टोल्याचा आवाज आला की वळून विचारी, "वस्ताद, कुठवर गेली इटी?" आणि भिवाजी मरेपर्यंत त्याला ते सांगत राहिले.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हक्काचा मान जो अडवून धरतो, तो त्याचे आयुष्यच अडवत असतो, आणि एकदा हातचे गेलेले आयुष्य मागाहून दिलेल्या मानाने परत येत नाही.