गोदेनं बेटावर घातलेलं गाऱ्हाणं

एकदा काय झालं, खाडीकाठच्या एका घरात दोन जावा राहत होत्या. थोरली गोदा आणि धाकटी मंजुळा. दोघींचं इतकं गूळपीठ, की एकीनं वाढल्याशिवाय दुसरी जेवत नसे. मग मंजुळा माहेरच्या माणसांबरोबर शंखबेट बघून आली आणि सगळं बिनसलं.

उठता बसता तिचं बेट. पांढरी वाळू काय, जुना किल्ला काय, भर समुद्रातली गोड्या पाण्याची विहीर काय! सासूबाई भाकरी थापायच्या थांबून ऐकायच्या. शेजारणी तर रोज हजर. गोदेला कुणी विचारेना. तिच्या पोटात जे दुखू लागलं, ते ओवा खाऊनही थांबेना. हसू नकोस गं, ताईला नवा फ्रॉक आला तेव्हा तुझंही दुखत होतं, बरं का.

मग गोदा हट्टानं बेटावर गेली. किल्ला पाहिला. होडीवरच्या म्हाताऱ्या तांडेलाला विचारलं, "हे मंजुळेनं पाहिलं?"

"बघल्यान तर."

मग विहीर पाहिली. तीही मंजुळेनं पाहिलेली. मग वाळूत गेली, तर तांडेल म्हणाला, "हंय तर ती दिवसभर बसलेली." झालं. गोदेला त्या विहिरीचं पाणीही कडू लागलं.

आता त्या बेटाची रीत अशी, की परत निघताना किल्ल्यातल्या देवापुढे नारळ ठेवून घरच्या माणसासाठी गाऱ्हाणं घालायचं. वल्हेकऱ्यांनी मागून होकार द्यायचा. गोदा म्हणाली, "बा देवा म्हाराजा, मंजुळेनं जे जे पाहिलंय, ते ते सगळं ती विसरू दे."

वल्हेकरी आपल्या गप्पांत. सवयीनं म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

मग गोदा खुशीत घरी आली. दारात मंजुळा उभी होती. ती म्हणाली, "कोण हो तुम्ही?"

नवऱ्याला ओळखेना, चूल कुठंय ते कळेना. जे जे पाहिलेलं, ते ते सगळं गेलं. तीन दिवस शेजारणी गोदेकडून बेटाचं ऐकत होत्या, पण गोदेला घास गिळवेना. ताटाशी बसून ती रडायची.

मग चौथ्या दिवशी ती पुन्हा बेटावर गेली. वल्हेकऱ्यांना दटावलं, "नीट ऐका आणि मग म्हणा." हात जोडून म्हणाली, "मी इथं पाहिलेलं सगळं घे. माझ्या मंजुळेचं तिला परत दे."

"व्हय म्हाराजा!"

घरी आली तर मंजुळा धावत पुढे. "जाऊबाई, होता कुठं तुम्ही? मी कधीची जेवायची थांबलेय."

गोदेला काही सांगता येईना. बेट तिच्या डोक्यातून पार पुसलेलं. मग जेवताना मंजुळा वाळूचं सांगू लागली, किल्ल्याचं, विहिरीचं. गोदेच्या पोटात पुन्हा बारीक कळ आली. आली बाई, खोटं कशाला सांगू? पण या खेपेला ती म्हणाली, "मला नेशील का गं?"

मग पुढच्या भरतीला दोघी एकाच होडीतून गेल्या आणि जन्मभर सुखानं राहिल्या. चला, सरका आता. एका गोधडीत दोघी मावता. मिटा डोळे.