सात खोल्या आणि एक हंडा

हळदीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने एकदा डोंगरावर सात खोल्यांचे छोटेखानी हॉटेल बांधले. बांधकाम चोख होते. भिंती सरळ, दारे जड, प्रत्येक खिडकीतून दरी दिसे. पण आत पाऊल टाकले, की माणसाला उगीचच परतावेसे वाटे. शेटला कळेना, काय कमी आहे. त्याने शहरातून दोन जाणकार आणले. त्यांनी काचेची झुंबरे लावली. खोल्या आणखीच परक्या झाल्या. तेव्हा कोणीतरी त्याला आक्काचे नाव सांगितले.

आक्का घरे सजवीत असे. श्रीमंतांचे बंगले, छोटी हॉटेले, कधी एखाद्या मास्तराची दोन खोल्यांची जागा. कोणी बोलावले, की ती आधी एकच प्रश्न विचारी, "दमून आल्यावर तुम्ही पहिल्यांदा कुठं बसता?" यजमानाला सांगता आले नाही, तर म्हणे, "मग आधी बसायला शिका. नंतर मला बोलवा." जीभ अशी तिखट. पण तिने सजवलेल्या घरात नवी सूनसुद्धा पहिल्याच दिवशी पाय पसरून बसे.

आता आक्काने सत्तरी ओलांडली होती. हात थरथरत, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. पाच-सहा जणी तिच्याकडे शिकून आपापल्या गावी नावारूपाला आल्या होत्या. सर्वांत शेवटी आलेली द्वारका. पदरी दोन मुली, नवरा गेलेला, चार वर्षे आक्काच्या हाताखाली.

शेटचा निरोप आला, तेव्हा आक्का तिला म्हणाली, "हे काम तुझं. शेटनं मान डोलावली, तर पुढची कामं तुझ्या नावानं घे. नाही डोलावली, तर दुसरी संधी द्यायला माझ्याच्यानं होणार नाही. डोळे चाललेत माझे."

द्वारका हॉटेलात गेली. शेटने तिला एकच गोष्ट बजावली. "बाई, सगळ्या खोल्या एकसारख्या हव्यात. कुठल्या पाहुण्याला वाटायला नको, की आपल्याला कमी दिलं."

ते तिने मनावर घेतले. झुंबरे उतरवली, दिवे कोपराच्या उंचीवर आणले, भिंतींच्या चुन्यात चिमूटभर गेरू घातला. पडदे, चादरी आणि तक्क्यांचे अभ्रे मंजिष्ठेच्या मुळांत रंगवायचे ठरवले. तो लाल रंग उबदार असतो, डोळ्यांवर धावून येत नाही. प्रत्येक खोलीसाठी तिने नवा हंडा मांडला. दरवेळी तितकीच मुळे तोलून घातली, तितकीच तुरटी, तितकाच वेळ जाळ.

पण रंगाला तागडी कळत नाही. एक दिवस विहिरीचे पाणी होते, दुसऱ्या दिवशी टँकरचे. तांब्याचा हंडा गळायला लागला म्हणून दोन दिवस लोखंडी कढईत भागवले. एकदा जाळ जास्त झाला. सातही खोल्या लाल झाल्या, पण एक विटेकडे झुकलेली, एक गुलाबीकडे, दोन काळपट. साफ निराळ्या असत्या, तर चालून गेले असते. जवळजवळ सारख्या होत्या, म्हणूनच त्या एकमेकींना टोचत होत्या. सगळ्या खोल्यांची दारे एकाच लांब पडवीत उघडत. पडवीतून चालणाऱ्याला सात वेळा ठेच लागल्यासारखे होई.

शेट पाहायला आला आणि चौथ्या दाराशीच थांबला.

"हे काय बाई? सात दुकानांतून आणलंत काय?"

"शेटजी, मापं तंतोतंत सारखी..."

"मला मापं दाखवू नका. सहाव्या दिवशी माझे व्याही येणार आहेत, पोरीच्या सासरची माणसं. पाचव्या दिवशी मी पुन्हा येईन. जमलं तर जमलं, नाहीतर शहरातनं तयार माल मागवतो."

द्वारकाने आक्काला बोलावणे धाडले. ती काठी टेकत आली, पडवीतून एकदा गेली, एकदा आली. द्वारका जीव मुठीत धरून उभी. आक्काने शिवी दिली नाही, समजूतही घातली नाही. म्हणाली, "हे कापड गोधड्यांना ठेव. गोधडीत भांडणं खपतात. कोरं कापड किती आहे?"

"सात खोल्यांपुरतं."

"रंग धरायला त्याला हिरडा-तुरटी लावून घे. आणि उद्या एकच हंडा मांड. तांब्याचा. कल्हईवाल्याकडून गळती बुजवून आण."

दुसऱ्या दिवशी मंजिष्ठा उकळली. पहिल्या खोलीचे कापड हंड्यातून निघाले ते निखाऱ्यासारखे गडद. द्वारकाला हायसे वाटले. पुढच्या खोलीसाठी नवे पाणी घ्यावे, म्हणून तिने हंडा कलंडवायला हात घातला. आक्काने तिचे मनगट धरले.

"ओतू नकोस."

"आक्का, यातला कस गेला. आता रंग फिका येईल."

"येऊ दे. दुसऱ्या खोलीचं कापड सोड यातच."

दुसरे कापड एक छटा उतरले. तिसरे आणखी. आक्का हंड्याजवळून हलेना, मुळांची नवी मूठही टाकू देईना. पाचव्या कापडाशी द्वारकाचा धीर सुटला.

"शेट म्हणाला, कुणाला कमी दिल्यासारखं वाटायला नको. आणि तुम्ही सातव्या खोलीला धुवण घालणार? उष्टं पाणी?" ती बोलत सुटली, आणि बोलता बोलता भलतेच बाहेर पडले. "माझ्याशीही तेच केलंत तुम्ही. आधीच्या सगळ्यांना तुमची उमेद मिळाली, डोळे मिळाले, हात मिळाले. माझ्या वाट्याला थरथर आली आणि मोतीबिंदू. उरलंसुरलं शिकले मी. म्हणून तर तोंडावर आपटले."

आक्काने काठीने कापड खाली दाबले.

"झालं बोलून? मग ऐक. सात वेळा नवं पाणी मांडलंस, दरवेळी पहिल्यापासून. म्हणून ती कापडं दिसायला बहिणी आणि वागायला सवती झाली. या हंड्यानं पहिल्या कापडाला रंग दिला, तसं त्याचंही काही ठेवून घेतलं. त्याचा हिरडा, त्याची तुरटी. त्यातच दुसरं बुडालं. शेवटच्याला रंग थोडा मिळतो, खोटं कशाला बोलू? पण आधीच्या सहांशी त्याची ओळख असते. एका घरची माणसं एका रंगाची नसतात, पोरी. एका हंड्यातली असतात."

मग हळू आवाजात म्हणाली, "पहिली पोर माझ्याकडे शिकायला आली, तेव्हा मला कुठं शिकवता येत होतं? मी मारायची तिला. एकदा ती दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून हात आवरला. दुसरीची आई अंथरुणाला खिळलेली, वरचा दिवा तिच्या डोळ्यांत जायचा. दिवा खाली आणायचं त्या पोरीनं मला शिकवलं, आणि ते मी तुला शिकवलं. उरलंसुरलं म्हणतेस? त्यांनी माझ्यात जे सोडलं, ते सगळं तुला मिळालं. माझी उमेद मिळाली नाही, हे खरं. पण माझी चूकही तुला मिळाली नाही. सहावं कापड घे."

द्वारकाने डोळे पुसले नाहीत. कापड घेतले आणि हंड्यात सोडले.

पाचव्या दिवशी शेट आला. जिन्यावरून थेट सातव्या खोलीकडेच निघाला, आणि पडदा पाहून त्याचा पारा चढला. "हा विटका कपडा? बाई, मी काय सांगितलं होतं?"

आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिने नुसती द्वारकाकडे मान वळवली. तेव्हा द्वारकाच म्हणाली, "शेटजी, पहिल्या खोलीपासून चालत या. मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

शेट कुरकुरत मागे गेला. पहिली खोली डोंगराच्या सावलीतली, दिवसाही अंधारलेली. तिथला गडद लाल रंग चुलीसारखा धगधगत होता. पुढे एकेक खोलीत उजेड वाढत गेला, तसतसा रंग मवाळ होत गेला. कुठे ठेच नाही. सातव्या खोलीत पश्चिमेचे सगळे ऊन शिरले होते. गडद लाल तिथे डोळ्यांत खुपला असता. त्या फिक्या कापडातून मात्र ऊन गाळून येत होते, लाल पेरूच्या गराच्या रंगाचे.

शेट पलंगाच्या कडेवर टेकला. काही वेळाने त्याने चपला काढल्या. मग पाय वर घेतले. आपण काय करतो आहोत, हे त्याच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आले.

"आक्का, ही खोली मी माझ्याकरता ठेवली तर?"

"मला काय विचारता? काम हिचं आहे."

शेटने द्वारकाकडे पाहिले. ती म्हणाली, "नका ठेवू. जो पाहुणा सगळ्यात दमून येईल, त्याला द्या."

शेट हसला. "बाईसुद्धा तुमच्यासारख्याच तिखट निघाल्या, आक्का. असो. व्याही जाऊ देत, मग माझं राहतं घर बघायला या, द्वारकाबाई. माझी बायको म्हणते, तिथं बसायला जागाच नाही."

शेट गेल्यावर द्वारका आक्काच्या पायांवर वाकली. आक्काने पाय आखडून घेतले. "मला एकटीला कशाला? मी एकटी आहे होय यात?"

एवढे पुरे झाले. स्वतःच्या नावाची पाटी लावण्याआधी द्वारकाने आधीच्या साऱ्याजणींचा शोध घेतला. चौघींचे पत्ते मिळाले. प्रत्येकीकडे ती नारळ घेऊन गेली. सर्वांत शेवटी खाडीकाठच्या एका गावात पहिली शिष्या भेटली. केस पिकलेले, शिवणयंत्रावर वाकलेली.

"कोण गं तू? मी तुला ओळखत नाही."

"मी आक्कांकडे शिकले. सगळ्यात शेवटी." द्वारकाने नारळ पुढे केला. "आक्कांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. तो तुम्ही सोसलात, म्हणून. तेवढं सांगायला आले."

यंत्र थांबले. त्या बाईने पदराला हात पुसले. मग नारळ घेऊन कपाळाला लावला, आणि डोळ्यांत पाणी असतानाच हसली.

"फार लागायचा गं आक्कांचा हात," ती म्हणाली. "बस. जेवूनच जा."